ओलं दार

६ फेब्रुवारी

खारू,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो. तू तो घेशील की पाकिटासकट परत धाडशील, ठाऊक नाही, म्हणून तूर्त तो माझ्याजवळच ठेवतो. कामाचं लिहितो. माझा फोन तू उचलत नाहीस, तेव्हा पत्राला पर्याय नाही.

घराचं पुढचं दार रंगवायला काढलंय. तू पाहिलेलं नाहीस हे दार. जुनं लाकडी कुजलं, फुगलं, लागेना, म्हणून तू गेलीस त्याच वर्षी हे फायबरचं बसवलं. दिसायला लाकडासारखं, वर लाकडाच्या रेघासुद्धा उठवल्यात, पण बोटाने वाजवलं की रिकाम्या डब्यासारखं बोलतं. रंग कारखान्यातूनच आलेला, करडा. आमच्या रांगेतल्या अकराही घरांना तोच करडा. परवा पोस्टमन आपलं पत्र शेजारी शिंपीणबाईंकडे टाकून गेला आणि वर मलाच म्हणतो, "काका, तुम्ही सगळे एकाच दारात राहता की काय?"

तुझ्या आईला आता हे दार निळं हवंय. कुठलाही निळा चालायचा नाही, खारूचा निळा पाहिजे. तू बारा वर्षांची असताना स्वयंपाकघरातल्या कपाटासाठी कालवला होतास, तो. मी दुकानात गेलो. तिथे आता यंत्र आहे, बटण दाबलं की रंग पडतो. दुकानदाराने सात निळ्यांचे नमुने दिले. तुझ्या आईने सातही उजेडात धरून बघितले आणि सात वेळा म्हणाली, "हा नव्हे." प्रमाण तुझ्याच डोक्यात आहे. तेवढं कळव.

दुसरं असं, की तू तिकडे बंदरावर होड्या रंगवतेस हे शिंपीणबाईंच्या भाचीकडून समजलं. हा पत्ताही तिनेच दिला. होड्या फायबरच्याच असतात म्हणे. मला कुणी शिकवायला नको, चाळीस वर्षं ब्रश धरलाय. पण भिंत, लाकूड, लोखंड. फायबर हाताखालून गेलेलं नाही. सांगण्यासारखं काही असेल तर सांग.

आई बरी आहे. इस्पितळातून घरी आणलीय. पुढच्या खोलीत दारासमोर खाट टाकलीय, म्हणजे तिला रस्ता दिसतो.

ते शाळेचं झालं गेलं. चुका सगळ्यांच्याच हातून होतात. मी काही मनात ठेवलेलं नाही.

तुझा बाप


१४ फेब्रुवारी

खारू,

उत्तर नाही. असो. मी तुझ्या आईला म्हटलं, पोस्टाला उशीर होतो हल्ली. तर म्हणाली, "पोस्टाला चार वर्षं उशीर होत नाही हो."

काम सुरू केलंय. दार साबणाच्या पाण्याने धुतलं, पुसलं, दिवसभर वाळू दिलं. मग घासायला घेतलं. दुकानदाराने अगदी बारीक कागद दिला होता आणि वर उपदेश केला होता, "काका, नुसता हात फिरवल्यासारखं घासा बरं का." मी म्हटलं, हा कालचा पोरगा मला शिकवणार! घरातला जाडा कागद काढला आणि दणकून घासलं. पाच मिनिटांत तळहाताएवढ्या जागेतल्या रेघा गायब. चक्क टक्कल पडलं. लाकूड कितीही घासा, आत लाकूडच लागतं. ह्याच्या रेघा वरवरच्या, हे ध्यानातच आलं नाही. शिंपीणबाई तुझ्या आईजवळ बसायला येतात, त्यांनी ते टक्कल बघितलं आणि म्हणाल्या, "पोहणाराच बुडतो म्हणतात, काका." बाई शिलाई मशीनपेक्षा तोंडाने जास्त टाके घालते.

टक्कल बिजागरीच्या बाजूला आहे, पटकन दिसत नाही. तुला दिसेल.

जुन्या दाराबद्दल मागच्या पत्रात खोटं लिहिलं. कुजलंबिजलं काही नव्हतं. तू गेल्यावर तुझी आई त्या दाराला हात लावेना. मागच्या दाराने ये-जा करायची, पाहुणा आला तरी त्याला वळसा घालून मागे यायला सांगायची. म्हणायची, "त्या दारावर पोरीने दोन तास हात आपटलेत. मला अजून ऐकू येतं." शेवटी तिनेच सुताराला बोलावलं. सुतार म्हणाला, "बाई, हे अजून पन्नास वर्षं हलत नाही." ती म्हणाली, "म्हणूनच काढा."

उद्या अस्तर मारायचं. फायबरवर नुसता रंग टिकत नाही, आधी अस्तर लागतंच, आणि तेही फायबर धरून ठेवणारं. अस्तर म्हटल्यावर तू नाक मुरडशील, ते मला इथून दिसतंय. शाळेच्या कामात सुट्टी संपत आली होती, मुलं यायची होती, घाई होती. घाईत कुणाच्या तरी हातून राहून जातं. कुणाच्या, ते आता कशाला उकरायचं.

आई बरी आहे असं लिहिलं होतं, तेही खरं नाही. डॉक्टरांनी महिना सांगितलाय आणि त्यातला आठवडा कागद घासण्यात गेला. ती काही मागत नाही. तिला फक्त तू बघायची आहेस. दार निळं कशासाठी, तर पोरीला वळणावरूनच आपलं घर ओळखू आलं पाहिजे, अकरा करड्या दारांत शोधत बसायला नको. मी म्हटलं, "अगं, ती येणार असेल तर करड्यातूनही येईल." तर माझ्याकडे असं बघितलं की मी गुपचूप अंगणात जाऊन दार पुसत बसलो.

ये.

तुझा बाप


२० फेब्रुवारी

खारू,

तुझं कार्ड आलं! मी ते तुझ्या आईला चार वेळा वाचून दाखवलं. वाचायला आहे काय त्यात म्हणा, तीन ओळी. "चार निळा, एक हिरवा, अर्धा पांढरा, काळा काडीच्या टोकावर. दाराची रबरपट्टी आधी काढा. आई कशी आहे?" पण तिने ते उशीखाली ठेवलंय आणि शिंपीणबाईंना रोज नव्याने दाखवते.

रंग खाटेशेजारीच कालवला. आईने मान वर करून बघितलं. चार निळा, एक हिरवा, अर्धा पांढरा. "अजून नाही." मग काडीच्या टोकाने काळा घातला, ढवळलं, पट्टीवर ओढून दाखवला. म्हणाली, "हां. आली." छटेला म्हणाली की तुला, विचारायचं धाडस झालं नाही. बारा वर्षांच्या पोरीला त्या निळ्यात काळा घालायचं सुचलं कसं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. तेव्हा मी तुला म्हटलं होतं, "वाट लावलीस रंगाची." चूक होती माझी.

अस्तर मारून झालंय. पातळ, सगळीकडे सारखं, कोपऱ्याखोपऱ्यातसुद्धा. दोन दिवस वाळू दिलं. कुठेही घाई केली नाही, हे मुद्दाम लिहितो.

रबरपट्टीचं म्हणशील तर चौकटीला वारा अडवायला ती काळी पट्टी आहे खरी. दार लावलं की दाराची कड तिच्यावर दाबून बसते. पण ती उपसून काढा, परत बसवा, हे उद्योग कशाला? माझा ब्रश अजून रेघेबाहेर जात नाही. आणि रंग वाळेपर्यंत दार उघडंच राहणार आहे. गुरूची विद्या गुरूला नको शिकवूस.

दिवस कळवलास तर मी बस थांब्यावर येईन. नाही कळवलास तरी चालेल, आम्ही घरीच असतो. जाणार कुठे?

तुझा बाप


२७ फेब्रुवारी

खारू,

परवा रविवारी सकाळी जे झालं ते तुला वाटतंय तसं नाही. पाकीट फाडण्याआधी एवढं तरी वाच असं बाहेर लिहिणार होतो, पण पोस्टमन वाचेल म्हणून लिहिलं नाही.

शनिवारी दुपारी तीन वाजता रंगाचा दुसरा हात दिला. नियमाप्रमाणे दाराचं सगळं सामान काढून ठेवलं होतं. मूठ, कुलूप, कडी, काही म्हणजे काही नाही. कुलपाच्या जागी नुसतं भोक. दार दोन दिवस उघडं ठेवायचं होतं. पण संध्याकाळी गार वारा सुटला आणि खाट समोरच. तुझी आई कुडकुडायला लागली, खोकल्याची उबळ थांबेना. मी कडेला बोट लावून बघितलं, रंग बोटाला येत नव्हता. म्हणून दार लोटलं, घट्ट बसावं म्हणून खाली कागदाची घडी सारली आणि भोकात चिंधी कोंबली. वरून वाळलं होतं, आतून नव्हतं. रात्रीत दाराची कड त्या रबरपट्टीला चिकटली, वरपासून खालपर्यंत.

सकाळी तू दार वाजवलंस. मला लगेच कळलं, तूच. पहिल्यांदा दोन, मग थांबून एक, लहानपणापासून तसंच वाजवतेस. दार आतल्या बाजूला उघडतं, म्हणजे ओढायला हवं, आणि ओढायला मूठ नाही! मी किती ओरडलो, "खारू थांब, दार चिकटलंय, थांब!" पण ह्या फायबरच्या दारात फोम भरलेला असतो, भोकात चिंधी, आवाज बाहेर पोचतच नाही. मग सुरी घेऊन कडेने कापत बसलो. दार उघडलं तेव्हा पायरी रिकामी होती. अनवाणी वळणापर्यंत पळालो. तुझी बस निघून गेली होती.

तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याने पुन्हा तेच केलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पण शपथेवर सांगतो, दार मी लावून घेतलं नव्हतं, ते चिकटलं होतं.

पुन्हा ये. भाडं, सुट्टी, काही बघू नकोस. तुझ्या आईने तुझा आवाजसुद्धा ऐकला नाही, नुसती टकटक ऐकली.

तुझा बाप


४ मार्च

खारू,

मी पत्राचा कच्चा खर्डा ठेवतो, तुला ठाऊक आहे. काल तुझ्या आईने मागचा खर्डा वाचून दाखवायला सांगितला. डोळे मिटून ऐकत होती. "मी किती ओरडलो" इथे आलो तेव्हा तिने डोळे उघडले. म्हणाली, "मी इथेच होते हो." एवढंच बोलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

ती इथेच होती. खाट दारापासून पाच पावलांवर.

मी ओरडलो नाही, खारू. एक शब्द बोललो नाही. चिंधी मी पहिल्या टकटकीलाच काढली होती. भोकाला डोळा लावला तर तू दिसलीस. खांद्यावर पिशवी, कानाशी दोन केस पांढरे झालेत. तुला अजून चाळिशी लागली नाही आणि केस पांढरे. मी दोन बोटं भोकात घालून दार ओढायला लागलो. हलेना. पुन्हा डोळा लावला, तू तशीच उभी. तोंड लावून नुसतं "थांब गं" म्हटलं असतं तर भागलं असतं. भोक तेवढं मोठं होतं. मागच्या दाराने वळसा घालून तुझ्यापुढे येता आलं असतं, तेही केलं नाही.

लाज वाटली. दुसरं काही नाही, लाज. चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगत आलो, ओलं दार लावू नका. तू कार्डावर लिहून धाडलंस, पट्टी आधी काढा. आणि मीच चिकटवून बसलो होतो. वाटलं, आधी गुपचूप सोडवू, उघडू, मग "ये" म्हणू. तुला कळायलाच नको. म्हणून आवाज न करता, श्वास धरून सुरी चालवत होतो. मागून तुझी आई म्हणत होती, "अहो, बोला ना. अहो, पोरीशी बोला." तिचा आवाज आता खाटेच्या पलीकडे जात नाही. तिला मी हाताने गप्प राहायची खूण केली. तिला, खारू! पाऊण कड कापून झाली आणि पुन्हा डोळा लावला, तर पायरीवर कुणी नव्हतं.

लिहायला बसलोच आहे तर सगळंच लिहितो. शाळेच्या खालच्या मजल्याला अस्तर तू विसरली नव्हतीस. मीच मारलं नाही. अस्तराचे डबे आणलेच नव्हते. तू वर काम करत होतीस, तुला सांगितलं, खालचं झालंय, तू रंग सुरू कर. वर्षभरात सालपटं निघाली आणि मुख्याध्यापिकाबाईंनी ठेकेदारासमोर विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "अस्तर पोरीकडे होतं." निघून गेलं कसलं, म्हणालो मी. त्यानंतर गावात तुला कुणी काम दिलं नाही. तू भांडायला आलीस, मी तुला बाहेर काढून कडी घातली. दोन तास तू दार वाजवत होतीस. म्हणत होतीस, "बाबा, बाहेर कुणाला सांगू नका. फक्त मला एकदा म्हणा, मी विसरले नव्हते." मी आत दाराला पाठ लावून बसलो होतो. तुझी आई तेव्हाही म्हणत होती, "अहो, बोला ना."

आज सकाळी मुख्याध्यापिकाबाईंना आणि ठेकेदाराला पत्रं टाकली. जे वर लिहिलंय तेच लिहिलंय, सही करून. ठेकेदार हसेल. हसू दे.

आईने कालपासून पाण्याखेरीज काही घेतलेलं नाही. दार उघडं ठेवायला लावते, थंडी वाजली तरी. मी दोन पांघरुणं घातलीत. वळणावर कुणी दिसलं की विचारते, "आली?" मी नाही म्हणतो. खोटं बोलायचं आता होत नाही.

ये, खारू. माझ्यासाठी नको.

बाप


१५ मार्च

खारू,

हे पत्र तू गेल्यावर आठ दिवसांनी लिहितोय. त्याआधी हात चालला नाही.

तुझ्या आईने सहा तारखेला दुपारी विचारलं, "आली?" मी नाही म्हटलं. मग पुन्हा विचारलं नाही. पाच वाजता मी चहा ठेवायला आत गेलो, बाहेर आलो, तर डोळे दाराकडेच होते. शिंपीणबाईंनी भाचीकरवी तुला निरोप धाडला. माझं पत्र तुला मिळून तू निघायच्या बेतात होतीस, हे भाचीने नंतर सांगितलं. एक दिवस. चार वर्षं मी घालवली आणि शेवटी एक दिवस कमी पडला. कुणाला दोष देऊ?

तू आलीस, तिच्याजवळ बसलीस, तिचे केस विंचरलेस. माझ्याशी बोलली नाहीस, त्याला माझी काही तक्रार नाही. तिला नेल्यावर शिंपीणबाईंनी तुला राहायचा आग्रह केला, तू पिशवी उचललीस. मला वाटलं, आता तशीच जाशील. पण दाराशी थांबलीस. जिथे सुरीने रंग सोलवटून खालचं पांढरं अस्तर उघडं पडलंय, त्या कडेवरून अंगठा फिरवलास. म्हणालीस, "अस्तर चांगलं धरलंय."

मी मूर्खासारखा म्हणालो, "दोन दिवस वाळू दिलं होतं."

मग तू जे बोललीस ते मी जसंच्या तसं लिहून ठेवतो, कारण मला माझ्या आठवणीचा भरवसा नाही, ती माझ्या सोयीने बदलते. तू म्हणालीस, "दार चिकटलंय हे मला बाहेरूनच कळलं होतं, बाबा. रंगाचा ओला वास येत होता. भोकातून तुमची बोटं दिसत होती. मी दार उघडायची वाट बघत नव्हते. तुम्ही आतून काहीतरी बोलाल म्हणून उभी होते. त्या वेळीही आणि ह्या वेळीही."

आणि पायऱ्या उतरून गेलीस. मी त्याही वेळी काही बोललो नाही. दार सताड उघडं, मध्ये काही नाही. तू वळणापर्यंत गेलीस. एकदा थांबलीस, चपलेचा बंद सरळ केलास की काय कोण जाणे. मग गेलीस.

रबरपट्टी मी दुसऱ्या दिवशी काढली. दोन बोटांनी खेचली आणि सुळकन निघाली. एवढंसं काम होतं. कड दुरुस्त केलेली नाही. तुझा निळा डब्यात पाव भाग उरलाय, झाकण घट्ट लावून ठेवलंय. मुख्याध्यापिकाबाईंचं उत्तर आलं, तुझ्या नावाने वेगळी चिठ्ठी आहे, ती सोबत जोडतो. मी उघडलेली नाही. आशीर्वाद पहिल्या पत्रापासून माझ्याकडे राहिलाय, तोही ह्याच पाकिटात घालतो. घे किंवा परत धाड.

घरात आता मी एकटा. दार वाजलं की उठायला वेळ लागतो, गुडघे ऐकत नाहीत. म्हणून खुर्चीतूनच मोठ्याने ओरडतो, "आलो, आलो! थांबा, जाऊ नका, मी आहे आत!" काल दूधवाला दचकलाच. म्हणाला, "आजोबा, एवढं ओरडता कशाला? दार उघडंच आहे, मी समोर दिसतोय की तुम्हाला."

मी म्हटलं, "दिसतोयस रे. सवय करतोय."

बाबा